बडोद्याहून मारा: आफ्रिकन सफारीची जुळवाजुळव

सासणला जाऊन गीरचा सिंह पाहिलेल्या बडोदेकराला आफ्रिकेची सफारी म्हणजे तेच, फक्त मोठे, असे वाटते. हिशेब चुकतो तो इथेच. गीरमध्ये परमिट तीन तासांचे, रस्ता नेमून दिलेला, आणि जिप्सी वेळेत बाहेर आलीच पाहिजे. केनियाच्या मसाई मारात गाडी सकाळी सहाला आत शिरली की संध्याकाळपर्यंत आत राहू शकते, आणि कुठे वळायचे ते तुमचा ड्रायव्हर-गाइड ठरवतो. तिथे तुम्ही विकत घेता ते जंगलातले तास. पॅकेजच्या कागदावर सहा उद्यानांची नावे असली आणि आठपैकी पाच दिवस हायवेवर जाणार असले, तर ते पॅकेज स्वस्तात मिळूनही महागच.

पहिल्यांदा जाणाऱ्याने केनिया धरावा. मुंबई-नैरोबी थेट विमान साधारण सहा तासांचे, घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, शाकाहारी जेवणाची चिंता सगळ्यात कमी. सात रात्रींची बरी मांडणी अशी: नैरोबीत एक, अंबोसेलीत दोन, नाकुरू किंवा नैवाशाला एक, मारात तीन. नैरोबीहून अंबोसेली चार-पाच तास, मारा नारोकमार्गे सुमारे २७० किलोमीटर, म्हणजे पाच-सहा तास. अंबोसेली ते नाकुरू हा मधला टप्पा मात्र पूर्ण दिवस खातो. तो नको असेल तर नाकुरू सरळ कापा आणि ती रात्र माराला द्या. नाकुरूच्या गुलाबी तळ्याचे फोटो अजून प्रत्येक माहितीपत्रकात असतात, पण तळ्याची पातळी वाढल्यापासून फ्लेमिंगो तिथे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, बरेचसे बोगोरियाला गेले. नाकुरूला जायचे ते गेंड्यासाठी. १८८ चौरस किलोमीटरच्या कुंपणबंद उद्यानात काळा आणि पांढरा असे दोन्ही गेंडे दिसण्याची शक्यता चांगली असते. अंबोसेलीत हत्ती आणि मागे किलिमांजारो. पर्वत टांझानियात आहे, दिसतो इथून, आणि तोही पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास. दहा वाजले की ढगात जातो. दुपारी पोचून दुसऱ्या दिवशी सकाळी निघणाऱ्यांना तो अनेकदा दिसतच नाही, म्हणून तिथे दोन रात्री.

टांझानिया भव्य आहे. सेरेंगेटी एकटेच १४,७६३ चौरस किलोमीटर. एन्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी कुंडात उतरायला गाडीमागे वेगळी, चांगलीच जड फी पडते. दोन्ही देश एकत्र करायचे तर एक गोष्ट आधी समजून घ्या: नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटून असली तरी पर्यटकांना मधून पलीकडे जाता येत नाही. इसेबानिया किंवा नामांगाच्या सीमेवर जावे लागते, तिथे केनियाची गाडी सोडून टांझानियाच्या गाडीत बसावे लागते, आणि त्यात एक दिवस जातो.

स्वतः गाडी चालवायची हौस असेल तर दक्षिण आफ्रिकेतले क्रूगर. तिथे भाड्याची साधी कार चालते, वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, आतल्या विश्रांती-छावण्यांत स्वयंपाकघराची सोय असलेल्या झोपड्या मिळतात. डांबरी रस्त्यावर ताशी ५०, कच्च्यावर ४० ची मर्यादा. छावणीचे फाटक महिन्यानुसार ठरलेल्या वेळेला बंद होते आणि उशीर झाला तर दंड. वाटेत हत्ती रस्ता अडवून उभा राहिला ही सबब चालत नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवूनच परतायला निघायचे. स्कुकुझा, लोअर साबी, सतारा या छावण्या लवकर भरतात. आरक्षण अकरा महिने आधी उघडते.

आणि हो, आफ्रिकेत वाघ नाही. घरातल्या आजोबांना आणि लहानग्यांना हे विमानात बसण्याआधीच सांगून ठेवा.

कधी जायचे, हा खरा पेच

साधारण तेरा लाख विल्डबीस्ट (गाईसारख्या अंगाची आफ्रिकी हरणे), सोबत झेब्रे आणि इतर हरणे, असा जथा वर्षभर सेरेंगेटी आणि मारा मिळून एक गोल फेरा मारतो, ताज्या गवताच्या मागे. जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत तो दक्षिणेला न्दुतूच्या मैदानात असतो आणि तिथेच पिल्ले जन्मतात. मे-जूनमध्ये ग्रुमेती नदीकडे सरकतो. जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या दोन्ही काठांवर, आणि मगरींच्या मधून उड्या टाकण्याचे ते दृश्य तेव्हाचे. याचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. अमुक तारखेला नदी ओलांडताना दाखवतो असे कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडून बुकिंग करू नका.

आता हे बडोद्याच्या शाळांच्या सुट्ट्यांशी जुळवून बघा. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात आली तर जथ्याचे शेपूट मिळण्याची आशा धरता येते. नोव्हेंबरात आली तर तोवर कळप दक्षिणेला वळलेले असतात, दुपारी छोट्या पावसाच्या सरी येतात. नदी ओलांडण्याच्या नावाखाली ज्यादा पैसे मोजू नका. सिंह, बिबट्या, हत्ती, जिराफ बारा महिने तिथेच राहतात, त्यामुळे सफारी वाया जात नाही. मे महिन्यात मोठा पावसाळा संपत आलेला असतो, दर उतरलेले असतात, पण चिखल. माराची बरीचशी जमीन काळी आहे. बडोद्याजवळच्या कानम पट्ट्यातली काळी माती पहिल्या पावसानंतर चपलेला कशी धरते हे ज्याने पाहिले आहे त्याला जास्त सांगायला नको: व्हॅन रुतते, ओढायला दुसरी गाडी येईपर्यंत सकाळ संपते. सुट्टीतच जायचे असेल तर जूनचा पहिला आठवडा बरा. गवत उंच असते, मांजरकुळातली जनावरे शोधायला जास्त डोळे लागतात, पण गर्दी नसते आणि मोठ्यांची प्रवेश फी निम्मी असते.

फीचे गणित मांडून बघा. मारात परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. ९ ते १७ वयाच्या मुलांना ५०, त्याखाली मोफत. आईवडील आणि दोन शाळकरी मुले, तीन दिवस: ऑगस्टमध्ये १,५०० डॉलर, जूनमध्ये ९००. हे फक्त आत शिरण्याचे. दर बदलत राहतात, म्हणून बुकिंगच्या वेळी ताजा आकडा लेखी मागा. तिकीट दिवसाचे असते, रात्रीचे नाही. आत मुक्काम असलेल्यांनी निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत फाटक ओलांडले तर त्या दिवसाची फी वाचते. फाटकाबाहेरच्या कॅम्पात उतरला असाल तर पहिल्या संध्याकाळी दोन तासांच्या फेरीसाठी अख्ख्या दिवसाची फी भरू नका. त्या दिवशी पाय मोकळे करा, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पहाटे आत जा आणि संध्याकाळी बाहेर या.

मुलांच्या परीक्षांचा फेरा संपलेल्या जोडप्यांनी फेब्रुवारी घ्यावा. न्दुतूला पिल्ले असतात आणि त्यांच्यामागे तरस, चित्ते, सिंह सगळेच असतात. नदीकाठी गाड्यांच्या रांगेत ताटकळण्यापेक्षा हे कितीतरी समाधानाचे.

कागद आणि सुया

पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे सहा महिने चालू हवा, दोन पाने कोरी हवीत. केनियाला व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन पूर्वपरवानगी, लागतो, फी सुमारे ३० डॉलर आणि वर प्रक्रियेचे थोडे. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गो डॉट केई’ आहे का ते बघा. हुबेहूब दिसणारी खासगी पाने दुप्पट-तिप्पट घेतात आणि शोधात वर तीच येतात. परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग, फोटो आणि पासपोर्टचे पान आधीच फोनमध्ये काढून ठेवले की अर्ज अर्ध्या तासात होतो. टांझानियाचा ई-व्हिसा वेगळा, ५० डॉलरचा. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून १०० डॉलरचा एकत्र व्हिसा मिळतो, त्यात टांझानिया येत नाही. दक्षिण आफ्रिकेला मुले नेणार असाल तर आईवडिलांची नावे असलेला जन्मदाखला लागतो, आणि एकच पालक सोबत असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्र.

पिवळ्या तापाची लस हा सगळ्यात मोठा अडथळा, कारण तो लोकांना तिकीट काढल्यावर आठवतो. केनियाहून भारतात उतरताना पिवळे कार्ड, म्हणजे या लसीचे प्रमाणपत्र, दाखवावे लागते. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याला आहे. कार्ड लस टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून आयुष्यभर चालते. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. आपल्याला अहमदाबाद किंवा मुंबई जवळची. कुपीत अनेक डोस असतात, त्यामुळे केंद्रे ठरावीक वारी आणि नोंदणी करूनच बोलावतात. तारीख दीड-दोन महिने आधी घ्या, पासपोर्ट मूळ न्या, आणि कार्डावरचा पासपोर्ट क्रमांक तिथेच उभे राहून ताडून बघा. एक आकडा चुकला तर परतीच्या रांगेत पंचाईत.

ही जिवंत लस आहे. साठीपुढच्यांना, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांना, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणाऱ्यांना ती देण्याआधी डॉक्टर विचार करतात आणि कधी नाहीही म्हणतात. आईवडिलांना घेऊन जायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, तिकीट नंतर काढा. लस घेता येणार नसेल तर केनिया सोडून दक्षिण आफ्रिका धरा, आणि विमान दुबई किंवा दोहामार्गे घ्या. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे गेलात तर पुन्हा पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत येता.

मलेरियाची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायची असते. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण परतल्यावर चार आठवडे. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेले क्लोरोक्विन तिथल्या मलेरियावर चालत नाही. मध्येच गोळी बंद करणे ही नेहमीची चूक, कारण घरी आल्यावर जंगल विसरले जाते.

एजंटला काय विचारायचे

‘गाडी कुठली?’ पासून सुरुवात करा. लँड क्रूझर आणि सफारी व्हॅन या दोन्हींचे छत वर उचलले जाते, दोन्हींतून उभे राहून बघता येते. कोरड्या महिन्यांत व्हॅन चालून जाते, पैसे वाचतात. पावसाच्या महिन्यांत फोर-बाय-फोर लँड क्रूझरच. मग विचारा गाडीत किती माणसे. प्रत्येकाला खिडकी हवी, सहाच्या वर नको. ‘सातवा मुलगा आहे, मांडीवर बसेल’ हे पाच तासांच्या कच्च्या रस्त्यावर चालत नाही.

पुढचा प्रश्न मुक्कामाचा. कॅम्पचे नाव लेखी मागा. कागदावर ‘किंवा तत्सम’ असे दोन शब्द असतात आणि सगळा घोळ त्यांत असतो: आत नदीकाठचा कॅम्प दाखवतात आणि देतात तो फाटकापासून वीस किलोमीटरवरचा. रोज जाता-येता दीड तास गेला की पहाटेचा, सगळ्यात मोलाचा वेळ धुळीत जातो. फाटकापासून अंतर किलोमीटरमध्ये विचारा, ‘जवळच आहे’ हे उत्तर घेऊ नका. प्रवेश फी धरली आहे का, कोणत्या महिन्याच्या दराने? गेम ड्राइव्ह, म्हणजे जनावरे बघायच्या फेऱ्या, दिवसाला किती तासांच्या? काही जण सकाळी दोन, संध्याकाळी दोन असे मोजून देतात.

गाइडची श्रेणीही विचारता येते. केनियात व्यावसायिक सफारी गाइडांची संघटना परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे बिल्ले देते. सिल्व्हर गाइड मागितला तर थोडे जास्त पडतील, पण संपूर्ण सहलीत पैसे घालायची याहून चांगली जागा नाही. चांगला गाइड आणि साधा तंबू हे जमते. आलिशान तंबू आणि कंटाळलेला ड्रायव्हर हे जमत नाही.

मारा राखीव क्षेत्राला लागून मसाई लोकांच्या मालकीच्या जमिनींवर कन्झर्व्हन्सी आहेत: नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ. तिथे गाड्या मोजक्या असतात, रस्ता सोडून जनावराजवळ जाता येते, रात्रीची फेरीही मिळते. राखीव क्षेत्रात यातले काही चालत नाही. दर चढे. तीन रात्रींतली एक इथे घालता आली तर घाला.

पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच वसूल करायचा आयकर, कापला जातो. तो खर्च नाही. पॅन ज्याचे दिले त्याच्या रिटर्नमध्ये वळता होतो. म्हणून पॅन कर भरणाऱ्याचे द्या.

सामान

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर हातातल्या पिशवीसकट १५ किलो, आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक सूटकेस त्या विमानाच्या पोटात बसतच नाही. रस्त्याने गेलात तरी मऊ बॅगच न्या, गाडीच्या मागच्या कोपऱ्यात ती दाबून बसवता येते.

कपडे खाकी, मातकट, फिकट हिरवे. काळा आणि गडद निळा टाळा, त्या रंगांवर त्सेत्से माशी येते आणि ती जीन्समधूनही चावते. पांढरा एका दिवसात लाल होतो. लष्करी छापाचे कपडे अनेक आफ्रिकी देशांत सामान्य माणसाने घालणे गुन्हा आहे. मुलाची ती आवडती पँट घरी ठेवा. आपण उन्हाळ्यातून जातो म्हणून स्वेटर विसरतो. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, जुलै-ऑगस्टच्या पहाटे उघड्या छतातून वारा कानात शिरतो. स्वेटर, वरून विंडचीटर, कानटोपी. एन्गोरोंगोरोच्या काठावर तर रात्री खरी थंडी असते. टोपी दोरीची घ्या, सुटी टोपी पहिल्याच वळणावर सिंहांना अर्पण होते.

प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्या केनियात २०१७ पासून बंद आहेत, टांझानियात २०१९ पासून. उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्यांनाही केनियात २०२० पासून मनाई. आपली सवय अशी की लीलो चेवडो एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, आणि सगळे मिळून तिसऱ्या पिशवीत. निघण्याआधी बॅग एकदा या नजरेने उपसा. खाऊ स्टीलच्या किंवा घट्ट झाकणाच्या डब्यांत, कपडे कापडी पिशव्यांत, पाण्याला स्टीलची बाटली. ड्रोन नेऊ नका, परवान्याशिवाय विमानतळावरच अडकवून ठेवतात.

केनिया-टांझानियात चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश प्लग. दक्षिण आफ्रिकेत मात्र गोल जाड तीन पिनांचा, आपल्या गिझरच्या प्लगसारखा. कॅम्पांत वीज बऱ्याचदा ठरावीक तासच असते, म्हणून पॉवर बँक.

दुर्बीण प्रत्येकाला एक. यावर काटकसर करू नका. एकीत चौघांनी बघायचे म्हटले की पाळी येईपर्यंत बिबट्या उतरून गेलेला असतो. ८ बाय ४२ ची घ्या: आठ पट मोठे दिसते, हात हलला तरी चित्र फार हलत नाही, आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगामुळे झुंजूमुंजूलाही दिसते. पंधरा पटीच्या दुर्बिणीत फक्त स्वतःच्या हाताचा कंप दिसतो.

कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरपर्यंत पोचणारी झूम पुरे. ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी आहे. त्याऐवजी बडोद्याच्या मांडवीतल्या कुठल्याही शिंप्याकडून जाड कापडाची, एक फूट बाय आठ इंच, एका बाजूला चेन असलेली रिकामी पिशवी शिवून घ्या. नैरोबीत दोन किलो राजमा विकत घेऊन ती पाऊण भरा, काठोकाठ नाही. पाऊण भरलेली असली की भिंग तिच्यात रुतून बसते. ती छताच्या कडेवर ठेवायची, भिंग तिच्यावर. आणि फोटोच्या वेळी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा. धूसर फोटोंचे मुख्य कारण इंजिनाची थरथर, आणि लोक दोष कॅमेऱ्याला देतात. भिंग गाडी चालू असताना बदलू नका, धूळ आत गेली की गेली.

पैसे: डॉलरच्या नोटा कोऱ्या आणि अलीकडच्या सालाच्या घ्या. २००९ च्या आधीच्या, चुरगळलेल्या किंवा शिक्का मारलेल्या नोटा पूर्व आफ्रिकेत घेत नाहीत. मनी चेंजरकडे मोजताना साल बघा, ते नोटेच्या दर्शनी बाजूला छापलेले असते. ड्रायव्हर-गाइडला दर माणशी दिवसाला दहा डॉलरच्या आसपास बक्षिसी धरतात. गटाने ती शेवटच्या दिवशी एका पाकिटात द्यावी.

जेवणाची काळजी वाटते तेवढी नाही. नैरोबीत गुजराती वस्ती पिढ्यान्पिढ्यांची, आणि स्वाहिलीत चपातीला चपातीच म्हणतात, चहाला चाय. लॉजवर डाळ, भात, भाज्या मिळतात. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सुकुमा विकी म्हणजे परतलेली पालेभाजी. ‘व्हेज’ एवढेच लिहून भागत नाही. मांस नाही, मासे नाहीत, अंडे चालते की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही, हे ओळीने लिहून बुकिंगबरोबर द्या. अडचण होते ती डब्याच्या जेवणात: उकडलेले अंडे, कोंबडीचा तुकडा, केळे, असा ठरलेला डबा येतो. आदल्या रात्री स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा सांगा आणि सोबत थेपले-लोणचे असू द्या. ताजी फळे, भाज्या, बियाणे मात्र भारतातून नेऊ नका.

गाडीत

पहाटे सहा ते दहा आणि साडेतीन ते अंधार पडेपर्यंत, हे जनावरांचे तास. दुपारी सिंह सावलीत पालथे पडलेले असतात. हॉटेलच्या नाश्त्यासाठी साडेसात वाजवणारे गट जे हुकवतात ते दिवसभर भरून निघत नाही. नाश्ता डब्यात घ्या.

गीरमध्ये कान वापरतो, चितळाचा कॉल ऐकतो. मारा उघडे मैदान आहे, तिथे हरणांचे कान आणि माना बघायच्या. दहा-बारा इंपाला किंवा टोपी जातीची हरणे चरणे थांबवून सगळे एकाच दिशेला ताठ मानेने बघत असतील तर त्या दिशेच्या गवतात कोणीतरी आहे. ज्या दिशेला ते बघतात तिथे दुर्बीण लावा आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. गिधाडे उंच घिरट्या घालत असतील तर ती फक्त शोधात आहेत. एकामागून एक पंख मिटून खाली येत असतील तर शिकार पडलेली आहे. चित्ता वारुळावर शोधायचा, उंचीवरून मैदान बघायची त्याची सवय. बिबट्या अख्खा दिसत नाही, दिसते ती आडव्या फांदीखाली लोंबणारी शेपटी. नदीकाठच्या झाडांत खोडांच्या उभ्या रेषा असतात. त्यांत एखादी गोष्ट आडवी असली की तिथे थांबा.

रेडिओवर ड्रायव्हर आपसांत स्वाहिलीत बोलतात. थोडे शब्द पाठ करा, मजा येते: सिंबा सिंह, चुई बिबट्या, दुमा चित्ता, किफारू गेंडा, न्याती रानरेडा, फिसी तरस, किबोको पाणघोडा, ट्विगा जिराफ. ‘चुई’ ऐकू आले आणि गाडी वळली की कॅमेरा बाहेर काढा. बाकी सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा ही ‘बिग फाइव्ह’ यादी शिकाऱ्यांनी केलेली आहे, पायी शिकारीला सगळ्यात धोकादायक म्हणून. तिच्यामागे धावणारा गट जिराफाचे पाणी पिणे पाहतच नाही: पुढचे पाय फाकवून, थांबून, पुन्हा फाकवून, चारदा इकडेतिकडे बघून मग तो मान खाली नेतो. पाच मिनिटे इंजिन बंद करून बसायला सांगा. सांगितल्याशिवाय ड्रायव्हर बसत नाहीत, कारण त्यांना वाटते पाहुण्यांना यादी पुरी करायची आहे.

नदी ओलांडण्याची वाट बघताना तास-तास जातात. कळप काठाशी येतो, मागे जातो, पुन्हा येतो. पहिले जनावर पाण्यात उतरेपर्यंत गाड्यांनी काठापासून मागे थांबायचे असते. एखादी गाडी पुढे घुसली की अख्खा कळप उधळून परततो आणि सगळ्यांचीच दुपार जाते. तुमचा ड्रायव्हर घाई करत असेल तर त्याला थांबवणे तुमच्या हातात आहे, तो बऱ्याचदा बक्षिसीच्या धास्तीने पुढे जातो. पाणी, खाऊ, टोपी आणि सोय करून बसा. सोयीचे म्हणजे: आत स्वच्छतागृहे फार थोडी. ड्रायव्हरला आधी सांगितले तर तो उघडी, सुरक्षित जागा बघून गाडीच्या आडोशाला थांबतो. त्याच्या परवानगीशिवाय दार उघडायचे नाही, कितीही निवांत दिसले तरी.

हत्ती कान पसरून, डोके उंच करून समोर उभा राहिला तर बोलणे बंद, हात आत, आणि वाट द्यायची. सीटवर चढून कमरेपर्यंत बाहेर निघू नका. टाळ्या, शिट्ट्या, सिंहाला हाका या आपल्या लोकांबद्दलच्या नेहमीच्या तक्रारी आहेत, आणि त्यांत तथ्य आहे.

कॅम्पात अंधार पडल्यावर तंबू ते जेवणघर हे पन्नास पावलांचे अंतरही रखवालदाराला, म्हणजे अस्कारीला, सोबत घेऊनच. नदीकाठच्या कॅम्पात पाणघोडे रात्री चरायला वर येतात आणि पाण्याकडची वाट अडवणारा कोणीही त्यांना खपत नाही. तंबूची चेन दिवसाही बंद ठेवा. बाकी जनावरांचे जाऊ द्या, माकडे बॅगेची चेन उघडतात आणि थेपल्यांचा वास त्यांना आपल्याइतकाच कळतो.

परतताना

राजम्याची पिशवी कॅम्पच्या स्वयंपाकघरात रिकामी करा, बियाणे भारतात आणू नका. पिवळे कार्ड हातातल्या पिशवीत, पासपोर्टच्या आत. चेक-इनच्या बॅगेत गेलेले कार्ड आरोग्य तपासणीच्या टेबलावर काही कामाचे नसते. मलेरियाची गोळी मोबाइलवर गजर लावून संपवा. आणि परतल्यानंतर तीन महिन्यांत थंडी वाजून ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून पॅरासिटामॉलवर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आफ्रिकेहून आलो आहोत हे तुम्ही स्वतःहून सांगा आणि मलेरियाची रक्त तपासणी मागा. पहिली निगेटिव्ह आली आणि ताप टिकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.